हीटर थंड, इंजिन गरम

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला मोटारीतील हीटरची आठवण कधी होते? बहुतेक कधीच नाही. तापमानाची ती लहानशी कळ वर्षानुवर्षे निळ्या टोकाला चिकटून बसलेली असते. आमच्या गाडीतही ती तशीच होती. पण एका मे महिन्यातील दुपारी बोरघाटात ही कळ लाल टोकाला सरकवली आणि ज्या कोड्याने मला घाम फोडला होता ते सुटू लागले. त्या कोड्याची ही हकीकत.

प्रवासाच्या आदल्या आठवड्यात गाडीतील कूलंट बदलून घेतले होते. कूलंट म्हणजे इंजिनाभोवती फिरून त्याची उष्णता रेडिएटरकडे नेणारा द्रव. गॅरेजमधल्या मुलाने काम मन लावून केले. जुने गढूळ कूलंट काढले, हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळ्यासुद्धा सोडवून आतून धुतल्या, नवे हिरवे कूलंट भरले. त्यानंतर आठवडाभर घर ते कॉलेज, कॉलेज ते घर अशी गाडी धावली. तक्रार काही नाही. रविवारी आम्ही पुण्याला निघालो. घाई नव्हती, म्हणून खोपोलीवरून जुन्या रस्त्याने घाट चढायचे ठरवले.

शिंग्रोबाचे देऊळ अजून यायचे होते. तोच तापमानाचा काटा वर सरकला, जरा खाली आला, पुन्हा वर गेला आणि थेट लाल पट्ट्यात शिरला. जागा पाहून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, बॉनेट उघडले. माझी नववीतील मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाबा, बाटलीत तर कूलंट काठोकाठ आहे. मग तापले कसे?"

प्रश्न बिनतोड होता. रेडिएटरशेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. मी विचार न करता रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, झाकणाला हात लावू नका!" वाशीच्या बाजारात भाजी उतरवून रिकामा टेम्पो घेऊन परतणारा एक चालक आमच्या मागे थांबला होता. पंधराहून अधिक वर्षे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्याने वेळीच अडवले, हे येथे कबूल केलेले बरे.

झाकणाखाली काय असते?

रेडिएटरचे झाकण हे साधे बूच नाही. त्यात स्प्रिंगची झडप असते आणि ती आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.९ ते १.१ बारने जास्त होईपर्यंत उघडत नाही. तुमच्या घरच्या प्रेशर कुकरची शिटीही जवळपास याच दाबाला उडते. दाब दुप्पट झाला की पाण्याचा उत्कलनांक १०० वरून सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल अशा मिश्रणाचा तर १२५ अंशांच्याही पुढे जातो. म्हणून इंजिनातील द्रव ११५ अंशांनाही उकळत नाही, निमूट फिरत राहतो.

आता हे झाकण एकदम उघडले तर? हिशेबापुरते निव्वळ पाणी धरू. दाब नाहीसा होताच ११५ अंशांचे पाणी १०० अंशांवर यायला धडपडते. १ किलो पाण्यातून १५ अंशांची म्हणजे सुमारे ६३ किलोज्यूल उष्णता मोकळी होते. १ किलो पाण्याची वाफ करायला २२६० किलोज्यूल लागतात, तेव्हा या उष्णतेत २८ ग्रॅम पाण्याची वाफ होते. २८ ग्रॅम म्हणजे दोन चमचे! पण १०० अंशांना १ ग्रॅम वाफ सुमारे १.६७ लिटर जागा व्यापते. म्हणजे त्या दोन चमच्यांची जवळजवळ ४७ लिटर वाफ झाली आणि ती क्षणार्धात, उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन, उघडणाऱ्याच्या हातातोंडावर येणार. कुकरची शिटी उचलून वाफ गेल्याशिवाय आई झाकण उघडत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र हाच नियम आपण विसरतो. निदान मी विसरलो होतो.

चालकाने आम्हांला सावलीत बसवले. वीसेक मिनिटांनी काटा खाली आल्यावर तो म्हणाला, "आता चालू करा, आणि हीटर पूर्ण गरमवर टाका." मे महिन्यात हीटर! पण मी ऐकले. कळ लाल टोकाला नेली, पंखा पूर्ण सोडला. काटा पुन्हा चढू लागला होता, इंजिन तापलेले होते आणि हीटरमधून येत होती चक्क बाहेरच्यासारखीच हवा. गरम वाऱ्याचा पत्ता नाही. त्याने इंजिन बंद करायला सांगितले आणि निदान केले, "एअर धरलीय."

हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनातले गरम कूलंट त्यातून फिरते आणि पंखा त्यावरून वारा सोडतो. इंजिन धगधगते आहे आणि हीटर मात्र थंड, याचा अर्थ गरम द्रव तेथवर पोहोचतच नाही. नळी तुंबली असेल, झडप अडकली असेल, किंवा त्या छोट्या रेडिएटरमध्ये द्रवाऐवजी हवा असेल. आठवड्यापूर्वी कोठे हात लागला होता? नेमका त्याच नळ्यांना. दोष शोधताना शेवटचा बदल कोणता झाला हे आधी पाहावे, असे मी प्रयोगशाळेत मुलांना दर वर्षी सांगतो.

हवा एवढी बाधते कशी?

हवा म्हणजे 'काहीच नाही' असे आपण मनाशी धरून चालतो, आणि घोटाळा होतो तो येथेच. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. १ लिटर हवेला? साधारण सव्वा ज्यूल. म्हणजे तेवढ्याच जागेत मावणारी हवा पाण्याच्या सुमारे साडेतीन हजाराव्या हिश्शाएवढीच उष्णता उचलू शकते. शिवाय तिची उष्णतावाहकता पाण्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. सिलिंडर हेडच्या पोकळीत जेथे असा बुडबुडा अडकतो तेथला धातू जणू रजई पांघरून बसतो.

दुसरे संकट पंपाचे. कूलंट फिरवणारा पंप पात्यांच्या चाकाने द्रव गरगरा फिरवतो आणि परिघाकडे फेकतो. ताकात रवी फिरवली की ताक भांड्याच्या कडेने वर चढते, तसेच हे. रिकाम्या भांड्यात रवी कितीही जोरात फिरवा, काठाशी काही येत नाही. पंपातून निर्माण होणारा दाब द्रवाच्या घनतेच्या प्रमाणात असतो आणि हवेची घनता पाण्याच्या सुमारे ८००व्या हिश्शाएवढी. पंपाच्या तोंडाशी हवेचा लोंढा आला की चाक फिरत राहते, अभिसरण मात्र थांबते.

आमच्या गाडीत हीटरच्या वाटेवर झडप आहे. (सगळ्याच गाड्यांत ती नसते. काहींत कूलंट हीटरमधून कायमच फिरत असते.) कूलंट भरताना कळ नेहमीप्रमाणे निळ्या टोकाला, म्हणजे झडप बंद. धुऊन रिकाम्या झालेल्या नळ्यांत हवा तशीच कोंडून राहिली. पुढे इंजिन तापले की ती प्रसरण पावून परतीच्या नळीने थोडी थोडी पंपाकडे येई आणि तेथून सगळ्यांत उंच जागा शोधत हेडमध्ये जाऊन बसे. काटा खालीवर नाचत होता त्याचेही कारण हेच असावे. तापमान मोजणारा संवेदक एकदा द्रवात, एकदा हवेत. हवेत असताना तो कमी तापमान दाखवतो, आणि अशा वेळी काट्यावर विसंबलेला माणूस फसतो.

आणि मुलीचा प्रश्न? बाटली काठोकाठ का होती? कोंडलेली हवा आणि तिच्यात मिसळलेली वाफ प्रसरण पावली आणि तिने तेवढे कूलंट झाकणाच्या झडपेतून बाटलीत ढकलले. बाटली भरली होती ती इंजिन रिकामे होऊन!

आठवडाभर काही झाले नाही, मग घाटातच का?

याचे उत्तर गणितात आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. माणसे आणि सामान धरून गाडीचे वस्तुमान १२०० किलो मानू. १२०० गुणिले ९.८ गुणिले ५५० म्हणजे सुमारे ६५ लाख ज्यूल. एवढे कार्य इंजिनाने केवळ गाडी वर उचलण्यासाठी करायचे. पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच शीतकाच्या वाट्याला येतो. म्हणजे गाडी उचलण्याइतकीच उष्णता, किमान ६५ लाख ज्यूल, कूलंटने वाहून न्यायची. कूलंट साधारण ५ किलो. त्याचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे १७,५०० ज्यूल पुरतात. रेडिएटरने काहीच उष्णता बाहेर टाकली नाही असे मानले, तर घाट संपेपर्यंत कूलंटचे तापमान किती वाढेल? भागाकार करा. ३७० अंश! अर्थात त्याच्या कितीतरी आधी ते उकळून गेलेले असेल. सपाट रस्त्यावर अर्धवट अभिसरणाने काम भागत होते, घाटात ते भागेना.

या घाटात रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ, अशी त्याची कमाल चढण आहे, आणि गाड्यांना मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावायची पद्धत कर्जतला अजून आहे. मोटारीला मागून ढकलणारे कोणी नसते. माझ्या लहानपणी, नव्वदीच्या दशकात, या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि ॲम्बॅसडर गाड्यांची रांग हे घाटाचे नेहमीचे दृश्य होते. आजच्या गाड्यांत ते फारसे दिसत नाही, त्यामुळे तो प्रसंग आला की काय करायचे हेही माणसे विसरली आहेत.

तसेच पुढे रेटले असते तर? सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आणि खालचा ठोकळा पुष्कळ गाड्यांत ओतीव लोखंडाचा. १ मीटर लांबीचे ॲल्युमिनियम प्रत्येक अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढते, ओतीव लोखंड सुमारे ११. हेडची लांबी ४० सेंटिमीटर आणि तापमानातली जादा वाढ ५० अंश धरली, तर दोघांच्या वाढीत जवळजवळ पाव मिलिमीटरचा फरक पडतो. बोल्टांनी घट्ट आवळलेल्या भागांना हा फरक सोसत नाही. हेड वाकते, मधले गॅस्केट फाटते आणि काही हजारांचा खर्च दारात उभा राहतो.

तासाभराने इंजिन खरोखर निवले. वरची रबरी नळी दाबून पाहिली, ती मऊ लागली, म्हणजे आत दाब नव्हता. मग जाड फडके झाकणावर ठेवून चालकाने ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवले, क्षणभर थांबला आणि काढले. आत डोकावलो तर द्रव दिसेना. "तोंड वर आहे गाडीचे, चांगले झाले," तो म्हणाला. खरेच, घाट चढताना थांबलेल्या गाडीचे नाक वर होते, रेडिएटर पुढच्या टोकाला, आणि त्याचे तोंड आता साऱ्या यंत्रणेत सर्वांत उंच जागी. हवेला हवी असते ती वरची वाट. सपाट जमिनीवर कदाचित हीटरच्या नळ्याच उंच राहिल्या असत्या. ज्या चढाने गाडी तापवली त्यानेच ती बरी करायला हातभार लावला.

कळ लाल टोकाला ठेवून आम्ही बाटलीतले पिण्याचे पाणी धार लावून हळूहळू ओतले. मग झाकण उघडेच ठेवून इंजिन मंद चालू केले. चेहरा लांब, हात लांब. थोड्या वेळात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड सुरू झाली, पातळी खाली गेली, पुन्हा पाणी ओतले. हीटरमधून एकाएकी गरम झोत आला तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात गरम वाऱ्याचे असे स्वागत क्वचितच झाले असेल. एकंदर सव्वा लिटर पाणी आत मावले. बुडबुडे थांबल्यावर झाकण नीट बसवले, वातानुकूलन बंद ठेवले आणि हीटर चालूच ठेवून आम्ही हळूहळू लोणावळा गाठले. हीटर हा जादा रेडिएटरच असल्यामुळे ही युक्ती चढावर उपयोगी पडते. आम्ही मात्र घामाने भिजलो.

गाडीच्या कप्प्यात गॅरेजचे बिल होते. त्यावर साडेतीन लिटर कूलंट लिहिले होते, आणि गाडीच्या पुस्तिकेत क्षमता ५ लिटर. जुने थोडे कूलंट इंजिनात नेहमीच राहते, म्हणून केवळ बिलावरून निष्कर्ष काढता आला नसता. पण आकडे आठवडाभर माझ्याजवळ होते आणि मी ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. परत आल्यावर त्या मुलाला भेटलो. त्याने कान पकडले आणि म्हणाला, "सर, इकडे हीटर कोण लावतं?" त्याने गाडीचे नाक वर करून, हीटर उघडून, पाणी आणि कूलंट यांचे योग्य प्रमाण पुन्हा भरून दिले. पाण्याने पातळ झालेले मिश्रण तसेच ठेवणे बरे नव्हे. आपल्याकडे ते गोठण्याची भीती नाही, पण कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पातळ होतात आणि उत्कलनांकही उतरतो.

कूलंट बदलल्यावर गाडी तापली तर दर वेळी हवाच कारणीभूत असते असे मात्र नाही. कधी झाकण नीट बसलेले नसते, त्यामुळे दाब टिकत नाही. कधी पंख्याची तार जोडायची राहून जाते. कधी थर्मोस्टॅट अडकतो किंवा उलटा बसवला जातो. आणि हवा काढूनही बुडबुडे येतच राहिले, तर ते सिलिंडरमधील वायूंचे असू शकतात. गॅस्केट फाटल्याची ती खूण, आणि तेथे आपले काम नाही.

घरी आणि शाळेत करून पाहा

हवा अडकण्याचा हा प्रकार पाहायला मोटार लागत नाही. सोसायटीची गच्चीवरची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी एखाद्या घरात नळाला फक्त फुसफुस येते, हे तुम्ही पाहिले असेल. गवंडी पातळी पाहण्याची नळी भरताना त्यात बुडबुडा राहू देत नाही, कारण बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत राहत नाही.

बागेत पाणी घालायची पारदर्शक नळी घ्या, साधारण पाच मीटर. एक बादली आडवी ठेवून तिच्यावर नळीचे पाच वेढे शेजारी-शेजारी द्या. एक टोक खाली मोकळे सोडा. दुसऱ्या टोकाला नरसाळे लावून ते बादलीपेक्षा वीतभर उंच धरा आणि पाणी ओता. खालच्या टोकातून पाणी येईल अशी तुमची खात्री असेल. ते येत नाही! नरसाळेच भरून वाहू लागते. नळीकडे नीट पाहा. प्रत्येक वेढ्यात पाणी तळाशी साचले आहे आणि वर हवा कोंडली आहे. प्रत्येक वेढ्यात चढत्या बाजूचे पाणी जास्त उंच आहे, आणि या साऱ्या उंचींची बेरीज नरसाळ्यातील पाण्याच्या स्तंभाला पेलावी लागते. बादलीचा व्यास २५ सेंटिमीटर असेल तर पाच वेढ्यांना जवळपास सव्वा मीटर उंची हवी. आता स्टुलावर उभे राहून नरसाळे उंच धरा. एकदा हवा निघून गेली आणि नळी पूर्ण भरली, की नरसाळे पुन्हा खाली आणले तरी पाणी वाहत राहते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गॅरेजमध्ये टाकून दिलेला थर्मोस्टॅट सहज मिळतो. जुन्या डब्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगा, शेजारी तापमापी धरा आणि पाणी तापवा. बहुतेक थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाजवळ आतले मेण वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. पाणी निवताना ती मिटते कधी, हेही टिपून ठेवा. दोन आकडे सारखे येणार नाहीत. त्या डब्यात नंतर चहा करू नका. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि ते विषारी आहे. सांडलेले कूलंट चाटून कुत्री-मांजरे दगावतात, म्हणून ते गटारात ओतणे किंवा उघडे ठेवणेही टाळावे.

जाता जाता एक प्रश्न. संध्याकाळी आम्ही त्याच घाटाने परत उतरलो. गाडी गिअरमध्येच होती, इंजिनाचे फेरे चढतानापेक्षा फारसे कमी नव्हते, पण पेट्रोलच्या कळीवर पाय जवळजवळ ठेवावाच लागला नाही. तापमानाचा काटा खोपोलीला पोहोचेपर्यंत नेहमीच्या जागेपेक्षा थोडा खालीच राहिला. चढताना इंजिनाने गाडीला दिलेले ६५ लाख ज्यूल उतरताना कोठे गेले असतील?